थप्पी सरळ दिसत होती

माथाडी कामगारांचा बंद मिटून बाजार सुरू झाला, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वाशीच्या दाणा बाजारातल्या एका गाळ्यात घेवड्याच्या गोण्यांची थप्पी कोसळली. हमालांच्या टोळीचे मुकादम तिच्याखाली सापडले. गाळ्याचे मालक त्या वेळी पुढच्या बाजूला टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर मागच्या गोदामाचे चित्र चालू होते आणि त्या चित्रात थप्पी सरळ उभी होती.

मालकांना सगळे शेठ म्हणत. मी त्या काळात एका छोट्या दैनिकासाठी बाजारभाव गोळा करत असे. रोज सकाळी शेठच्या पेढीवर कडधान्यांचे भाव मिळत आणि चहाही मिळे. त्यामुळे पुढे आहे त्यातले बरेचसे पाहिलेले आहे. बाकीचे ज्यांच्याकडून ऐकले, त्यांचा उल्लेख केला आहे.

शेठ मूळचे कोरेगाव तालुक्यातले. घेवडा, चवळी, हरभरा हा त्यांचा माल. उंच, किडकिडीत माणूस, गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा शर्ट. गाळ्याचे दोन भाग होते. पुढे पेढी, म्हणजे गादी, टेबल, फोन, नमुन्याच्या थाळ्या. मागे गोदाम. मधे दार होते, त्याला पल्ला नव्हता. गोदामात खिडकी नव्हती. गोण्यांच्या थप्प्या जवळजवळ छतापर्यंत जात आणि त्यांच्यामधून एक माणूस पाठीवर गोणी घेऊन जाईल एवढी वाट असे.

शेठ त्या दारातून आत जात नसत. थप्पी कोसळली तोपर्यंतच्या काळात ते आत गेल्याचे मी पाहिले नव्हते. मेहताजींनीही पाहिले नव्हते. मेहताजी म्हणजे पेढीचे हिशेबनीस, रत्नागिरीकडचे, शेठपेक्षा वयाने मोठे आणि त्यांना न घाबरणारे एकटेच. तरुणपणी मुंबईतल्या जुन्या बाजारात शेठनी एक थप्पी माणसांवर येताना पाहिली होती, असे मेहताजी सांगत. शेठ त्यावर कधी बोलले नाहीत. विचारले तर ते हरभऱ्याचा भाव सांगत.

आत जायचे नाही आणि थप्पी तर रोज बघायची, म्हणून त्यांनी कॅमेरे बसवले. बाजारात चोरीसाठी कॅमेरे बसत. शेठनी चारपैकी तीन कॅमेरे थप्प्यांवर लावले आणि चौथा पेढीवर. चित्र बघायला मोठा प्लाझ्मा टीव्ही आणला. तेव्हा सपाट टीव्ही नुकतेच लोकांच्या घरी येऊ लागले होते. पेढीवर एवढा टीव्ही कोणाकडेच नव्हता. पडद्याचे चार चौकोन. वरच्या डाव्या चौकोनात मेहताजी, बाकीच्या तिघांत गोण्या.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली एक सकाळ. मी खुर्चीवर बसून भाव उतरवून घेत होतो.

"पत्रकार, सरका जरा तिकडं," शेठ म्हणाले.

"का हो शेठ?"

"मघापासून एकाच जागी बसलाय. टीव्हीत बसाल."

मला काही कळले नाही. मेहताजी चष्मा काढून हसले. "मी बसलोय की आधीच. बघायचाय?" त्यांनी रिमोट घेतला आणि कॅमेऱ्याचे चित्र काढून नुसता पांढरा पडदा लावला. पांढऱ्यावर वरच्या डाव्या बाजूला वाटीएवढा गोल, मळकट डाग होता. "हे माझं टक्कल. ट्यूबलाइट त्यावर चमकते ना, तेच छापलंय. मी मेलो तरी पेढीवर असणार, शेठ म्हणतात ते खोटं नाही."

"हसू नका मेहताजी," शेठ म्हणाले. ते हसत नव्हते.

प्लाझ्माच्या काचेत बारीक बारीक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा स्वतः उजळतो. जो जास्त उजळतो, तो लवकर थकतो. एकच चित्र दिवसचे दिवस तसेच राहिले, तर त्यातल्या उजळ जागा झिजतात आणि पुढे कोणतेही चित्र लावले तरी जुन्या चित्राची छाप खाली दिसत राहते. हे तुर्भ्याच्या एका मेकॅनिकने शेठना समजावून सांगितले होते. त्याच्या सांगण्यात भीती नव्हती. शेठच्या ऐकण्यात होती.

त्यांना ते पहिल्यांदा कळले एका क्रिकेटच्या सामन्यात. पेढीवर शेजारचे दोन व्यापारी बसले होते, मेहताजींनी कॅमेऱ्याचे चित्र काढून सामना लावला. हिरव्या मैदानावर, गोलंदाज धावत येतो त्या बाजूला, घेवड्याची थप्पी उभी होती. गोलंदाज तिच्यातून धावत आला. शेजारी हसले. शेठ उठून पडद्याजवळ गेले आणि थप्पीवर बोट ठेवले, मग बोट काढून बघितले. मेहताजी सांगतात, त्या दिवशी शेठनी दुपारचा डबा उघडला नाही.

शेठच्या भीतीला कारण होते, हे मला नंतर समजले. एकदा त्यांनी स्वतःच सांगितले. "थप्पी कलली तर मला टीव्हीत दिसणार. पण जुनी थप्पी टीव्हीतच राहिली, तर कललेली कुठली आणि राहिलेली कुठली? मी बघणार कुठं?" हे बोलताना ते पडद्याकडेच बघत होते.

मग छाप बसू नये म्हणून उपाय सुरू झाले. मेकॅनिकने पडद्याचा उजेड कमी केला, रंग फिके केले. त्याने चित्र थोडे थोडे सरकवत राहणारी एक सोय चालू करून दिली. शेठना तेवढ्याने पटले नाही. चौकोनांच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा नंबर आणि तारीख सतत दिसत असे. त्या अक्षरांवर त्यांनी काचेवर बाहेरून काळी टेप चिकटवली. मेकॅनिकला ती दिसली तेव्हा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"शेठ, जळतंय ते आतून. बाहेरून पट्टी लावून काय होणार?"

"दिसत नाही ना आता."

"तुमाला दिसत नाही. टीव्हीला दिसतंय."

टेप तशीच राहिली. टीव्ही तापतो म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवला गेला. मे महिन्यात हमाल घामाने निथळत दारातून गोण्या काढत आणि फॅन त्यांच्याकडे पाठ करून टीव्हीला वारा घालत असे. "आमाला पंखा न्हाय आन टीव्हीला पंखा," टोळीतला कोणीतरी रोज म्हणे. "तुला पडदा लावून चार चौकोन केले की तुलापण देतो," मेहताजी म्हणत.

मेहताजींची जागा दर थोड्या वेळाने बदलली जाई. सकाळी ते टेबलाच्या उजवीकडे, मग डावीकडे, दुपारी दाराजवळच्या स्टुलावर. जुनी गिऱ्हाइके आत येऊन "मेहताजी गेले काय?" विचारत. ते मागून "इथे इथे" म्हणत. भिंतीवरचे कॅलेंडर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाई. शेठचा एक ठरलेला शब्द होता: "स्थिर." तो ते तक्रारीसारखा वापरत. एखादा माणूस जास्त वेळ गप्प बसला की म्हणत, "फार स्थिर झालात."

सानपाड्याला त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. तिथे साधा टीव्ही होता. त्याला छाप बसण्याची भीती फारशी नव्हती, पण शेठ दर पाच-सात मिनिटांनी वाहिनी बदलत, कारण कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह हलत नाही. वहिनी मालिका बघायला शेजारी जात. "अहो, खून कुणी केला तेवढं तरी कळू द्या," त्या जाता जाता म्हणाल्या. "सोसायटीतल्या सगळ्यांना माहितीय, मलाच नाही." शेठनी वाहिनी बदलली.

मेकॅनिक त्यांना म्हणाला होता, "एलसीडी घ्या, त्यात छाप बसत नाही, टेन्शन खलास." शेठनी तो एका दुकानात जाऊन पाहिला आणि नको म्हटले. त्यात काळे पुरते काळे दिसत नाही, थोडे राखाडी दिसते. थप्पी आणि भिंत यांच्यामधली फट त्यांना राखाडी नको होती. ती काळीच पाहिजे होती, म्हणजे ती रुंद होतेय की अरुंद, ते कळते.

या सगळ्याने कोणाचे काही बिघडत नव्हते. बिघडायला लागले ते शेठनी थप्प्या हलवायला सुरुवात केल्यावर.

त्यांचे म्हणणे सरळ होते. चित्र स्थिर राहते, कारण गोण्या स्थिर राहतात. घेवडा आठवडे आठवडे पडून असतो. तेव्हा दर शनिवारी थप्पी उतरवून हातभर डावीकडे किंवा उजवीकडे लावायची. कधी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. त्याची हमाली ते वेगळी देत, त्याबद्दल टोळीची तक्रार नव्हती. टोळी त्याला "थप्पीची बदली" म्हणे. "कुठं झाली बदली आज?" "गडचिरोलीला टाकली, पार मागं." टीव्हीपायी गोदाम हलवणारा दुसरा व्यापारी बाजारात कोणाला माहीत नव्हता. लोक येऊन बघून जात.

मुकादम येऊन बघत नसत. ते जावळी तालुक्यातले, तुर्भ्याला राहायचे, टोळीत बाप आणि चुलता दोघेही होते. थप्पी त्यांच्या हाताखाली लागे. एक थर उभा, त्यावरचा थर आडवा, म्हणजे गोण्या एकमेकींना धरून राहतात, आणि खाली लाकडी फळ्या सपाट जमिनीवर. थप्प्यांमधल्या वाटेत शिरण्याआधी ते थप्पीवर तळहात ठेवत आणि मग कान लावत. कललेली थप्पी आधी बोलते, असे ते म्हणत. कुठेतरी गोणीची शिवण ताणते, दाणे सरसर खाली येतात. तो आवाज कॅमेऱ्यात येत नसे.

एका शनिवारी ते पेढीवर आले आणि उभेच राहिले.

"शेठ, मागच्या भिंतीकडं नको लावायला. तिकडं उतार हाय. धुतल्याव पानी तिकडंच जातं."

"टीव्हीत उतार दिसत नाही, मुकादम."

"टीव्हीत कसा दिसंल? पायाला लागतो."

"किती दिवस झाले इथं आहे थप्पी? छाप बसायला लागली. काल मी पांढरा लावून बघितला, कड दिसत होती." शेठचा आवाज खाली गेला. "कड दिसत होती, मुकादम."

"दिसू दे की. पडली का? न्हाय पडली."

"पडली तर मला दिसणार नाही."

मुकादम मेहताजींकडे वळले. मेहताजी वर बघत नव्हते. "लावतो," मुकादम म्हणाले. "पर आत जायच्या आधी तुमी सांगायचं. तुमी टीव्हीत बघा, सरळ हाय का सांगा, मग माझी पोरं आत जात्याल. तुमच्या टीव्हीसाठी करायचं तर टीव्हीनं सांगावं."

ते टोमण्याने बोलले होते. तिथे उभे असलेल्या कोणालाही ते कळले असते. शेठनी ते खरे धरले. पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी टोळी दाराशी उभी राही, शेठ पडद्यासमोर वाकून तिन्ही चौकोन बघत आणि मोठ्याने ओरडत, "सरळ!" मग टोळी आत जाई.

पहिले काही दिवस मुकादम हे ऐकूनही आत गेल्यावर थप्पीवर तळहात ठेवत. नंतर कधीतरी ते थांबले. नेमके कधी, हे टोळीतल्या कोणालाही सांगता आले नाही. मी विचारले होते. शेठ कधी चुकले नव्हते, एवढेच सगळे सांगत. एकदा एक गोणी वरून घसरायला आली होती, ती त्यांनी आत कोणी जाण्याआधी टीव्हीत हेरली होती. टोळीतल्या पोरांना त्या ओरडण्याची सवय झाली होती. शेजारच्या गाळ्यातले लोक त्यावर घड्याळ लावतो म्हणत.

मग बंद झाला. माथाडी कामगार कामावर आले नाहीत आणि बाजार पुरता थांबला. शेठ गावी गेले. जाताना त्यांनी मेहताजींना दोनदा सांगितले की टीव्ही बंद करून जायचा. मेहताजींनी तो बंद केला नाही. त्यांचे म्हणणे असे, की टीव्ही बंद केला तर कॅमेरेही बंद होतात असे त्यांना वाटले, आणि बाजार ओसाड असताना कॅमेरे चालू असायला हवेत. कॅमेऱ्यांचा टीव्हीशी संबंध नसतो, ते वेगळ्या पेटीत साठवतात, हे त्यांना माहीत नव्हते. इतके दिवस ते त्या पडद्यासमोर बसले, पण कोणी त्यांना ते सांगितले नव्हते.

बंदचे सगळे दिवस टीव्ही चालू राहिला. गोदामात कोणी गेले नाही, दिवा चालू होता, गोण्या हलल्या नाहीत. बाजार उघडला तेव्हा शेठ गावाहून थेट पेढीवर आले. हातातली पिशवी खाली ठेवण्याआधी त्यांनी पांढरा पडदा लावला.

थप्पी होती. थरांच्या रेघा मोजता येतील इतकी स्पष्ट, खालच्या उजव्या चौकोनात.

"मेहताजी," शेठ म्हणाले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते हळू बोलत होते. "मेहताजी, ही आता जाणार नाही."

मेकॅनिक आला. त्याने सांगितले, थोडीफार फिकी होईल. पांढरा पडदा तासन्‌तास लावून ठेवा, म्हणजे सगळे कप्पे सारखे झिजतील. मधून मधून अँटेनाची वायर काढून नुसत्या मुंग्या लावा, त्या सतत हलत असतात. घाई करू नका. शेठनी विचारले, "तोवर मी थप्पी कशात बघू?"

"तोवर बघू नका," मेकॅनिक म्हणाला.

हे शक्य नव्हते. उपाय करायचा तर चित्र बंद पाहिजे आणि थप्पी बघायची तर चित्र चालू पाहिजे. शेठ दुपारी मुंग्या लावत. पेढीवर तो खरखर आवाज भरून राही आणि लोक मोठ्याने भाव बोलत. मग पाऊण तासात शेठचा हात रिमोटकडे जाई, ते गोदाम लावत, तिन्ही चौकोन बघत, पुन्हा मुंग्या लावत. त्यांचे डोळे लाल झाले होते. मी विचारले, "शेठ, आत जाऊन एकदा बघून का येत नाही?" मेहताजींनी माझ्या पायावर पाय ठेवला. शेठ म्हणाले, "घेवडा काल होता त्याच भावात लिहा."

त्या दिवसांत टोळीतली पोरे कामाला लागायच्या आधी एकमेकांकडे बघू लागली होती. बंदनंतर माल दाटला होता. थप्पी आधीपेक्षा उंच गेली होती आणि ती मागच्या भिंतीकडेच होती. शनिवारची बदली शेठनी थांबवली, कारण आता छाप बसायची होती ती बसलीच होती. थप्पी उतारावर राहिली.

त्या सकाळी टोळी दाराशी आली. मुकादम पुढे होते. ट्रक बाहेर रस्त्यावर लागला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेठनी मुंग्या काढल्या आणि गोदाम लावले. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. खालच्या उजव्या चौकोनात थप्पीची कड स्पष्ट, सरळ होती. शेठ वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिले.

"काय शेठ, फार स्थिर झालात," दारातून मुकादम म्हणाले. टोळी हसली.

"सरळ," शेठ म्हणाले. ओरडले नाहीत.

मुकादम आत गेले. मागून दुसरा माणूस जाणार, तेवढ्यात दाणे सांडल्याचा आवाज आला, ताटात तांदूळ ओतल्यासारखा. मग जमीन हलली आणि दारातून धूळ बाहेर आली. मी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर धूळ होती आणि धुळीतून थप्पी दिसत होती, सरळ.

टोळी आत धावली. कोणी ओरडून सांगत नव्हते, हातातल्या आकड्या गोण्यांना लागत होत्या आणि गोण्या दारातून बाहेर फेकल्या जात होत्या. मेहताजी फोनवर होते. शेठ दाराच्या उंबऱ्यापर्यंत आले. एक हात चौकटीवर होता. आत गेले नाहीत. गोण्या त्यांच्या पायांवर पडत होत्या, ते बाजूला होत नव्हते. मुकादमांना बाहेर काढून टेम्पोत ठेवेपर्यंत ते तिथेच उभे होते.

मुकादम शुद्धीवर होते. कंबर आणि मांडी मोडली होती. दवाखान्यात ते अनेक आठवडे राहिले. शेठ रोज संध्याकाळी जात आणि खाटेच्या पायथ्याशी बसत. दोघे काय बोलत, हे मला माहीत नाही.

थप्पी पडली त्याच दिवशी मेकॅनिकने टीव्ही तपासला होता. गोदामात गोण्या अस्ताव्यस्त पडलेल्या असताना त्याने चित्र लावले आणि शेठना दाखवले. छापेची कड जिथे होती, खरी थप्पी तिच्यापासून वरच्या टोकाला वीतभर पुढे आली असणार. साठवलेल्या चित्रात ते नंतर दिसले. चौथाई पडद्यावर ती वीत बोटाच्या नखाएवढी होते. शेठनी जुनी कड पाहिली आणि तीच खरी धरली. मेकॅनिक म्हणाला, कोणीही धरली असती. थप्पी उतारामुळे कलली, उंचीमुळे कलली, की बंदनंतर घाईत लागलेल्या थरांमुळे, हे ठरले नाही.

टोळीने त्या गाळ्यात काम करायचे थांबवले; आतल्या उरलेल्या थप्प्या तशाच उभ्या राहिल्या. शेठचा माल काही महिने शेजारच्यांच्या गोदामात उतरत होता. टीव्ही भिंतीवरून काढला गेला. तो कुठे गेला, मेहताजींनाही ठाऊक नाही.

मुकादम काठी घेऊन बाजारात आले, त्या दिवशी मी भाव घ्यायला गेलो होतो. टोळी रस्त्यावर उभी राहिली. ते एकटे पेढीवर चढले, बराच वेळ लागला. शेठ उभे राहिले. मेहताजींनी खुर्ची सरकवली.

"या. बसा," शेठ म्हणाले. "टीव्ही काढला."

"बघितलं."

"माणूस ठेवतो एक. आत उभा राहून बघंल रोज."

"माणूस कशाला? तुमी हाय की."

शेठनी भिंतीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहिले.

"पोरं इचारत्यात," मुकादम म्हणाले, "शेठ सरळ म्हणायचे, ते कुटनं बघून म्हणायचे? मी काय सांगू त्यास्नी? घेवडा न्यायचा ट्रक हाय तुमचा भायेर. तुमी आत जा. थप्पीजवळ उभं राहा. पोरं खाली गोण्या काढत्यात तवर तितंच राहा. रोज. मग टोळी येती. न्हायतर दुसरी टोळी बघा, मी आडवा येनार न्हाय."

"मला नाही जमणार, मुकादम."

"आमाला जमलं की."

मेहताजी टेबलावरची थाळी हलवत होते. त्यांचा हात थांबला. शेठनी शर्टाचे वरचे बटण चाचपले, ते लावलेलेच होते. मग ते दाराकडे गेले. चौकटीला हात लावला, हात काढला, आणि आत गेले.

आत काय चालले आहे, पेढीवरून दिसत नव्हते. मुकादम काठीवर दोन्ही हात ठेवून दाराकडे तोंड करून बसले होते.

"शेठ," त्यांनी हाक मारली. "थप्पीजवळ उभं हाय का?"

मुकादमांनी कान दाराकडे केला.

"हाय," आतून आवाज आला.

मुकादमांनी मान हलवली आणि टोळी आत गेली. पहिली गोणी बाहेर आली तेव्हा शेठ आतच होते.